मोहनची खुर्ची

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तहिलरामदादांच्या हॉटेलातल्या राखीव खुर्चीवर एका सकाळी एक माणूस येऊन बसला होता, आणि त्याला मी उठवलं होतं.

हॉटेल उल्हासनगरच्या सिंधी निर्वासितांच्या कॅम्पात, कापडबाजाराच्या तोंडाशी. मी मांजर्लीचा, शेजारच्या कारखान्यात टाइमकीपर. चौऱ्याऐंशी साली नोकरीला लागलो तेव्हापासून सकाळचं दाल-पकवान, म्हणजे डाळ आणि कडक तळलेली पुरी, दादांकडेच. बाहेर सगळीकडे सनमायका आला होता. दादांकडे मात्र संगमरवरी टेबलं, गोल पाठीच्या लाकडी खुर्च्या, काळ्यापांढऱ्या फरश्या. कराचीत वडिलांचं होतं तसंच हॉटेल त्यांनी आठवून आठवून उभं केलं होतं. गिऱ्हाइकं चेष्टा करत, उल्हासनगरात सगळ्याचा डुप्लिकेट मिळतो, दादांनी तर आख्खी कराची काढली. दादा हसत नसत. "सगळं बरोबर आहे साईं," म्हणत, "फक्त आरसा कुठल्या भिंतीला होता ते आठवत नाय. मोहन आला की सांगेल."

मोहन त्यांचा धाकटा भाऊ. फाळणीच्या वेळी बंदरावरच्या गर्दीत त्याचा हात दादांच्या हातातून सुटला. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. दिवसाची पहिली थाळी कोपऱ्यातल्या टेबलावर त्याच्यासाठी मांडली जाई. डाळीवर साय धरली की दादा स्वतः ती उचलत आणि गाईला घालत. दर दोन-तीन महिन्यांनी आरसा दुसऱ्या भिंतीवर जाई. भिंतींना खिळ्यांची भोकंच भोकं. खाताना मान वर केली की आरशात ती खुर्ची दिसे, आणि ती रिकामीच आहे ना, हे मला वळून बघावं लागे.

सातला दादा दरबारात, म्हणजे सिंधी लोकांच्या देवळात, माथा टेकायला जात. तेवढा वेळ खुर्ची सांभाळणं माझ्याकडे. परत आले की विचारत, "कोणी आलं?" मी सांगे, नाही दादा. एवढ्या सिंधी गिऱ्हाइकांत हे काम माझ्यासारख्या मराठी माणसाकडे, याचा मला तोरा होता.

त्या सकाळी दादा दरबारात गेलेले असताना पन्नाशीचा एक माणूस आत आला. कोणाकडे न बघता सरळ कोपऱ्यात गेला, बसला, पकवानाचा तुकडा मोडून तोंडात टाकला. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो, "ओ भाईसाब, उठो. घरच्या माणसाची जागा आहे ती."

तो लगेच उठला. माफी मागितली. दाराशी थांबून आतल्या बाजूच्या भिंतीवर त्याने तळवा टेकवला आणि भिंतीलाच सांगावं तसं म्हणाला, "आईना इधर था."

मला अर्थ लागेपर्यंत तो गेला होता. धावलो. रस्त्यावर हातगाड्या, कापडाचे गठ्ठे, माणसं. तो नव्हता.

परतलो तर दादा मोडलेल्या पकवानाकडे बघत उभे. "कोणी आलं?"

"नाही दादा. तुकडा मीच मोडला."

उद्या तो येईलच, मग सांगू, असं मी मनाशी म्हटलं. खरं म्हणजे घाबरलो होतो. दादांनी ती खुर्ची माझ्यासाठी ओढली. "चाळीस वर्षं थाळी अशीच परत जाते. आजपासून तू बस."

आणि मी बसलो. सहा वर्षं, रोज. तो माणूस पुन्हा आला नाही. दादा आरसा हलवत राहिले. बरोबर भिंत मला ठाऊक होती, पण ती सांगायची तर सगळंच सांगावं लागलं असतं. त्यांची नजर अधू होत गेली तशी 'साईं'ची हाक 'मोहन' झाली. पहिल्यांदा मी वळून दाराकडे बघितलं. मग मी ओ देऊ लागलो. आरशात बघणं मात्र सोडलं.

शेवटच्या आजारात दवाखान्यात भेटायला गेलो. दुपारची वेळ, खोलीत आम्ही दोघंच. त्यांनी माझा हात हातात घेतला, एकेक बोट चाचपलं.

"तू मोहन नाय," ते म्हणाले. "मला ठाऊक आहे रे, पहिल्यापासून. पण खरं सांग, त्या दिवशी कोणी आलं होतं काय?"

मी म्हणालो, "नाही दादा."

त्यांनी हात सोडला. दोन दिवसांनी गेले.

दादा, आला होता, मी त्याला उठवलं. एवढं सांगण्याचं देणं मी अजून त्यांचं लागतो.