आपापला माणूस

"आपापला माणूस आला का?"

बस कुठलीही असो, काकू ड्रायव्हरच्या शेजारी रस्त्याकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या. एक हात दांड्याला, दुसऱ्या हाताची बोटं घड्याळाच्या पट्ट्यावर, आणि हा प्रश्न. आम्ही सगळे एका सुरात ओरडायचो, "आला!" मग त्या मान हलवायच्या आणि बस सुटायची. ओरडणारे आम्ही कोण, तर अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉय गावचे आणि आसपासचे चाळिशीला आलेले इंजिनियर, दोन डॉक्टर, त्यांच्या बायका आणि ॲन आर्बरच्या एका लॅबमध्ये दिवसभर रक्ताच्या बाटल्या हलवणारी, स्वभावाने जरा तिरसटच अशी मी.

सहलीत पुढारपण करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला ती मुळीच आवडत नाहीत. शिट्टी वाजवतात, टोपी घालायला लावतात, वर अंताक्षरी खेळवतात. काकूंनी यातलं काही केलं नाही. त्या मोजायच्यासुद्धा नाहीत. मिरजेला तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलेली बाई, पण माणसं मोजायची म्हटलं की हात झटकायची.

त्याला कारण होतं. एकदा पन्हाळ्याच्या सहलीत त्यांनी बसमध्ये मुली मोजल्या. बेचाळीस आल्या होत्या, बेचाळीस बसल्या होत्या, बस सुटली. निम्म्या वाटेवर एक मुलगी रडायला लागली. ती त्यांच्या शाळेची नव्हतीच! मैत्रीण समजून कुणाच्या तरी मागोमाग चढली होती. यांची एक मुलगी तिकडे तटबंदीवर बसून बोरं खात होती. "आकडा बरोबर येतो गं, माणूस चुकतो," काकू सांगायच्या. आणि तीस वर्षांत आपली एकही मुलगी हरवली नाही असंही छातीठोकपणे सांगायच्या. या बेचाळिसाव्या मुलीचं काय, असं विचारलं तर म्हणायच्या, "ती हरवली नाही, बदलली."

तेव्हापासून त्यांची पद्धत ठरली. प्रत्येकाने एकच माणूस सांभाळायचा. मी तुला बघायचं, तू तिला, ती आणखी कुणाला, असं करत साखळी पूर्ण करायची. नवराबायकोला एकमेकांचा माणूस करायचं नाही, हा कडक नियम. ते एकमेकांना गृहीत धरतात, बघत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नवऱ्याकडे बघितलं, तर तो खिडकीबाहेर बघत होता.

मुलाने बोलावून घेतलं म्हणून काकू निवृत्तीनंतर ट्रॉयला आल्या. मुलगा चांगला, सूनही चांगली. पण आल्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात एक प्रकार घडला. दोन गाड्या करून सगळे वॉशिंग्टन बघायला निघाले होते. ओहायोत हायवेच्या कडेला रेस्ट एरियात थांबले, आणि निघताना या गाडीला वाटलं काकू त्या गाडीत आहेत, त्या गाडीला वाटलं या गाडीत. पुढे जेवायला उतरले तेव्हा लक्षात आलं. काकू कोकच्या मशीनशेजारी बाकावर बसून होत्या. पर्स मांडीवर, त्यात मुलाच्या घरचा फोन नंबर, पण फोन लावायचा कुणाला? घरी तर कुणीच नव्हतं.

दरवेळी पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, त्या हा किस्सा रंगवून सांगायच्या. मशीनशी कशा गप्पा मारल्या, एका धिप्पाड ट्रकवाल्याने अर्धं सँडविच कसं देऊ केलं, त्यात डुकराचं हॅम निघालं तेव्हा त्यालाच कशी लाज वाटली. सगळे खो खो हसायचे. शेवटी मात्र आवाज खाली यायचा. "पावणेदोन तास. बरोबर पावणेदोन." आणि बोटं घड्याळाच्या पट्ट्यावर जायची. मुलगा तिथे असेल तर तो उठून पाणी आणायला जायचा.

आमच्यातल्या एका डॉक्टरांनी माल्टाच्या आठ दिवसांच्या टूरची जाहिरात आणली. भूमध्य समुद्रातलं एवढंसं बेट, आणि रोज एक सहल. मिशिगनमध्ये एप्रिल उजाडला तरी पार्किंगच्या कडेला काळ्या बर्फाचे ढीग असतात, त्यामुळे समुद्र आणि ऊन हे दोन शब्द ऐकूनच सतरा जण तयार झाले. बरोबर कोण येणार म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम काकूंचं नाव घेतलं. त्या लाजल्या. म्हणाल्या, परदेशात मला काय कळतंय? चार दिवसांनी मीटिंग बोलावली, तेव्हा त्यांच्या हातात सतरा कार्डं होती. कार्डावर एक नाव, म्हणजे तुमचा माणूस.

त्या मीटिंगला मी अर्धा तास उशिरा पोचले. एकच कार्ड उरलं होतं.

"उशिरा आलीस, म्हणून मी तुझ्या वाट्याला," काकू म्हणाल्या. "बघ हं. मला हरवू नकोस."

सगळे हसले, मीही हसले. काकूंच्या वाट्याला माझा नवरा आला होता. गळ्यात कॅमेरा अडकवून दिसेल त्या गल्लीत शिरणारा हा प्राणी त्यांनी मुद्दाम स्वतःकडे ठेवला, हे मला नंतर कळलं.

माल्टा आम्हा सगळ्यांना एकदम आवडून गेलं. गाड्या आपल्यासारख्या डावीकडून जातात यावरच पुरुषमंडळी पहिले दोन दिवस खूश होती. घरांना पुढे आलेल्या लाकडी बंद गॅलऱ्या, आणि त्यांतून खाली बघणाऱ्या बायका. पाच हजार वर्षांपूर्वीच्या दगडी देवळात काकू गोल भिंतीला हात लावून इतका वेळ उभ्या राहिल्या की गाइड गडबडला. परकार नसताना इतकं गोल कसं काढलं, असं त्यांना विचारायचं होतं. बिचारा म्हणाला, आम्हालाही तेच कळत नाही. रस्त्यात मटारचं सारण भरलेली खुसखुशीत करंजी मिळायची. तिच्यावर आमच्यातल्या शाकाहाऱ्यांनी आठ दिवस काढले.

ड्रायव्हरचं नाव साल्वू. काकूंनी पहिल्याच दिवशी त्याचा साळवी करून टाकला. बसच्या आरशाखाली त्याने कुठल्याशा संताची तसबीर लावली होती, समोर चिमुकला दिवा. काकू चढता-उतरता तसबिरीला नमस्कार करायच्या, त्यामुळे साळवी त्यांच्यावर फिदा. बस सुटली की त्या सगळ्यांना आवळासुपारी वाटायच्या. मला बस लागते. मी पुढच्या बाजूला बसायची, काकू माझ्या मागच्याच सीटवर. मी मान न वळवता हात मागे करायचा आणि हातावर आवळासुपारी पडायची, असं आमचं बसून गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी काकू उभ्या राहायच्या आतच साळवीने मागे वळून विचारलं, "आपापला मानूस आला का?"

बस हसून हसून आडवी झाली. काकूंनी त्याला 'माणूस'मधला 'ण' दोनदा घोकून घेतला, तो काही त्याला जमला नाही. पण त्यांचे गुडघे दुखत होते, म्हणून तेव्हापासून विचारायचं काम त्याच्याकडे गेलं. आम्हालाही त्याला उत्तर द्यायला जास्त मजा यायची.

पाचव्या दिवशी आम्ही कोळ्यांच्या गावाला गेलो. बंदरात निळ्या-पिवळ्या होड्या, आणि प्रत्येक होडीच्या नाकाडावर दोन्ही बाजूंनी रंगवलेला डोळा. वाईट नजर लागू नये म्हणून काढतात, साळवीने सांगितलं. नवरा कॅमेरा घेऊन होड्यांच्या गर्दीत नाहीसा झाला. जेवणं झाली, ऊन तापलं, सगळे पेंगत बसमध्ये चढले.

"आपापला मानूस आला का?"

"आला!"

मीही ओरडले. तोंड खिडकीकडे होतं, डोळे अर्धे मिटलेले. मागे बघायचं माझ्या मनातही आलं नाही.

पुढे कड्यावरून समुद्रातल्या गुहा बघायला जायचं होतं. रस्ता वळणावळणाचा. बऱ्याच वेळाने पोटात ढवळायला लागलं आणि मी हात मागे केला. हातावर काही पडलं नाही. मी बोटं हलवली. तरी नाही. वळून बघितलं तर सीटवर नुसती काकूंची शाल.

मी किंचाळले असणार, कारण साळवीने ब्रेक मारला. काकूंचा माणूस म्हणजे माझा नवरा कुठाय, तर तो सगळ्यांत मागच्या सीटवर आडवा होऊन घोरत होता. तो सगळ्यांच्या आधी येऊन झोपला होता. म्हणजे काकू खाली त्याला शोधत होत्या, आणि आम्ही वर 'आला' म्हणून ओरडून निघून गेलो होतो. त्या अरुंद रस्त्यावर बस वळवता वळवता साळवीने सगळ्या संतांची नावं घेतली. मला ते कोकचं मशीन डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. त्यांच्या मुलाने जे केलं तेच मी केलं होतं, आणि मला तर त्यांनी आधी सांगून ठेवलं होतं. स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

काकू बंदराच्या कठड्यावर बसल्या होत्या. पर्स मांडीवर. मागे पाण्यात एक होडी हलत होती आणि तिचा डोळा आमच्याकडे. मी उतरून धावतच गेले.

"तो सापडला का?" त्यांनी विचारलं.

"बसमध्येच आहे. काकू, मी..."

"किती वेळाने कळलं?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. बोटं पट्ट्यावर.

"लगेच," मी म्हटलं. "पाच मिनिटांत. वळायलाच जागा मिळेना, म्हणून उशीर झाला."

त्यांनी एकदा घड्याळाकडे बघितलं. मग माझा हात धरून उठल्या, म्हणाल्या, "तुझा चेहरा पांढरा पडलाय, बस लागलेली दिसते," आणि पर्समधून आवळासुपारी काढून माझ्या हातावर ठेवली. साळवीने तर त्यांच्यासमोर टोपीच काढली. त्या दिवसापासून त्यांनी विचारायचं काम परत स्वतःकडे घेतलं आणि गुडघ्यांना गप्प बसवलं.

ट्रॉयला परतल्यावर पॉटलकमध्ये नवा किस्सा सुरू झाला. साळवीची नक्कल, होड्यांचे डोळे, नवऱ्याचं घोरणं. आणि शेवटी, "मला विसरले, पण पाच मिनिटांत कळलं हो त्यांना." हे त्या दरवेळी न चुकता सांगायच्या. ओहायोचा किस्सा हळूहळू बंद झाला. मुलगाही आता पाणी आणायला उठायचा नाही, बसून हसायचा. मी मात्र दरवेळी ताटात बघत राहायची.

दोनेक वर्षांनी मुलाची बदली टेक्सासला झाली. काकू म्हणाल्या, पुन्हा नवं गाव माझ्याच्याने होणार नाही, मिरजेला बहीण एकटी आहे, मी तिकडे जाते. डेट्रॉइटच्या विमानतळावर तेव्हा अगदी गेटपर्यंत सोडायला जाता यायचं. मुलगा कागदपत्रं दाखवायला काउंटरवर गेला होता. आम्ही दोघीच बसलो होतो.

"साडेतेवीस मिनिटं," काकू म्हणाल्या.

"काय?"

"माल्टाला. बस गेली तेव्हा मी घड्याळ बघितलं होतं. सत्तेचाळीस मिनिटांनी परत आली. जायचा नि यायचा वेळ सारखा धरला, तर साडेतेवीस मिनिटांनी तुला कळलं. पाच कुठून आले?"

मी म्हटलं, "मग तेव्हा बोलला का नाहीत? आणि सगळ्यांना पाच म्हणून का सांगत होता?"

"उत्तर चुकलं होतं," काकू म्हणाल्या. "पण धावत आलीस ना. पूर्ण मार्क दिले मी."

मी तिथेच रडले. त्या मुळीच रडल्या नाहीत. माझ्या हातावर आवळासुपारीची अख्खी डबी ठेवली, परत आलेल्या मुलाच्या गालावरून हात फिरवला आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. त्यांची पांढरी वेणी दारातून आत जाईपर्यंत मी नजर हलवली नाही. विमान सुटेपर्यंत काचेशी उभी राहिले. नवऱ्याने दोनदा पार्किंगची आठवण करून दिली, तरी राहिले.

त्या शरदात आमच्या मराठी मंडळाची सफरचंदं तोडायची सहल निघाली. पुढारी एक नवा, हुशार कॉम्प्युटर इंजिनियर. हातात क्लिपबोर्ड. त्याने पेन नाचवत सीटा मोजल्या, "फॉर्टी एट, परफेक्ट," म्हणाला आणि बस निघाली. मी पुढेच बसले होते. डबी केव्हाच संपली होती. पहिल्या वळणावर माझा हात आपोआप मागे गेला आणि तिथेच राहिला.

"थांबा!" मी ओरडले.

बस थांबली. कोण राहिलं, कोण राहिलं, असं सगळे विचारायला लागले. नवरा शेजारी होता, त्याने फक्त माझा हात पुढे घेऊन आपल्या हातात धरला. इंजिनियर उठला, क्लिपबोर्ड घेऊन पार शेवटच्या सीटपर्यंत गेला आणि पुन्हा एकेक डोकं मोजत आला.

अठ्ठेचाळीस. आकडा बरोबर होता.