भिमाजीच्या पखवाजाची कणीक

मखमलाबादच्या आमच्या भजनी मंडळात पखवाज भिमाजीचा आणि पेटी माझी. मी शाळेत कारकून, तो फुलांचा मळेकरी. सकाळी गुलाब-शेवंती नाशिकच्या फुलबाजारात पोचवायची आणि संध्याकाळी पखवाज पुढ्यात घ्यायचा, हे त्याचं आयुष्य. त्याचा पखवाज घुमतो तसा कोणाचाच घुमत नाही, असं गावोगावचे लोक म्हणत. खरं काय ते मी सांगतो. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते. चिमूटभर कमीजास्त झाली तरी आवाज बिघडतो. भिमाजीच्या घरी ही कणीक त्याची मुलगी हर्षाली भिजवायची, दहा वर्षांची असल्यापासून. थापायची, तळव्याने ठोकून ऐकायची, नखाने थोडी काढायची, पुन्हा ऐकायची. माझ्या पेटीशी सूर नेमका जुळला की चुलीकडे निघून जायची. मग भिमाजी बसायचा आणि वाहवा घ्यायचा.

भिमाजीला पखवाज द्यायचा होता शेखरच्या हातात. शेखर त्याचा मुलगा, हर्षालीहून दोन वर्षांनी मोठा. सोळा वर्षांचा झाला तरी साधा भजनी ठेका त्याला धरता येईना. दोष कोणाचा? टीव्हीचा. पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट, गल्लीत नुकती केबल आली होती. एक दिवस भिमाजीने गुलाब छाटायची कात्री उचलली आणि केबल कापून टाकली. तीच वायर पुढच्या सहा घरांना जात होती आणि क्रिकेटचा सामना रंगात आला होता. सहाही घरं भांडायला आली. भिमाजी ढिम्म हलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने टीव्हीच विकून टाकला.

शेखर सुधारला का? छे. त्याचा हात लाकडाचा होता, तो लाकडाचाच राहिला. नुकसान झालं हर्षालीचं. रविवारी सकाळी टीव्हीवर शास्त्रीय वादन लागायचं, त्यात पखवाज असला की ती वादकाची बोटं बघून बोल उचलायची आणि कणकीच्या परातीवर वाजवायची. तिच्या आईने, सरुबाईने, मला एकदा स्वयंपाकघराच्या दाराशी उभं करून ते ऐकवलं होतं. ती पोर बापाच्या पुढे गेली होती. मी ऐकलं, चहा प्यायलो आणि घरी आलो.

पुढे एका एकादशीला छाटणी करताना भिमाजीचा अंगठा कापला. मंडळी जमलेली, पखवाज लावून तयार. हर्षाली कणकीचे हात तसेच धरून म्हणाली, "आण्णा, आज मी वाजवू?"

भिमाजीने माझ्याकडे पाहिलं. त्याला उत्तर माझ्या तोंडून हवं होतं. मी नुसती मान डोलावली असती तरी चाललं असतं. पण समोर चार म्हातारे बसले होते, त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मला आधीच दिसल्या.

"आधी शेखरला बसू दे," मी म्हणालो. "तुझं बघू नंतर."

शेखरने तीन अभंगांची वाट लावली. भिमाजी सगळ्यांना सांगत राहिला, "टीव्हीनं डोकं नासवलं पोरांचं. लय वाईट दिवस आले." हर्षालीने पुन्हा कधी विचारलं नाही. मीही 'नंतर' आणलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

२००३ मध्ये तिला विंचूरला दिली, कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घरी. त्यानंतर पखवाज भसाडा वाजायला लागला. सरुबाई पोळ्यांची कणीक आणून द्यायची आणि भिमाजी ती लिंपायचा. त्याने दोनदा पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, बदलली, दुकानदाराशी भांडला, शेवटी मोबाइलवर घसरला. "घरोघर टीव्ही, हातोहात मोबाइल. वाद्यालापण कळतंय, कोणी ऐकत नाय."

२००८च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हर्षाली माहेरी आली होती. संध्याकाळी ओसरीवर भजन होतं. आत सुनेने हप्त्यावर घेतलेल्या टीव्हीचा कलकलाट चालू होता, तो भिमाजीने ओरडून बंद करायला लावला. पखवाज तसाच भसाडा वाजत होता. हर्षाली उठली. कणीक खरवडून काढली, पाण्याचा हात लावून मळली, थापली, ऐकली, नखाने थोडी काढली. मग बसल्या बसल्या पाचसहा बोल वाजवले. पाच वर्षांत हात लागला नव्हता, तरी एकही बोल अडखळला नाही. तो जुना आवाज ओसरीभर घुमला.

भिमाजीचा चेहरा उजळला. तो शेखरकडे वळून म्हणाला, "बघ. टीव्ही बंद केला का नाय, लगेच फरक पडला."

हर्षाली हात धुवायला मोरीकडे गेली. मी तिच्यामागे गेलो. इतक्या वर्षांनी विचारलं, "तिकडे वाजवतेस का गं कधी?"

"नाही, काका. आमच्याकडे दिवसभर टीव्ही चालू असतो," ती नखातली कणीक काढत म्हणाली. "राहू द्यावा चालू. वाजवायचं कोणाला आहे?"

त्या दिवसापासून मी मंडळात गेलो नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. भिमाजी आता गावभर सांगतो, पेटीवाल्यालासुद्धा टीव्हीचं वेड लागलं.