बामबर्गकरांचं स्थळ

तमाम केळशीकर कुळास अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या पुतणीने, मुक्ताने, जर्मनीतला ज्यू मुलगा पसंत केला आहे. आडनाव बामबर्गर. परवा तो घरी आला. सगळं अडलं होतं आत्याच्या होकारावर.

सुपारी कातरत आत्याने विचारलं, "मूळ गाव कुठलं?"

"बामबर्ग. म्हणून तर बामबर्गर," मुक्ता म्हणाली. "ज्यूंतच काय, सगळ्या जर्मनीत अशी आडनावं पुष्कळ आहेत."

मला मौज वाटली. माणूस गाव सोडतो, पण गाव काही आडनाव सोडत नाही.

"कसं आहे गाव?"

मुक्ताने विचारून सांगितलं, "तो कधी गेलाच नाही तिथे." तिचा चेहरा पडला.

अडकित्ता थांबला.

"अगं, मग आपल्यात तरी केळशी कुणी पाहिलीय? मुहूर्त काढा!"