रोडग्यांच्या दिवशी माय पोहली

आमची दमणी म्हणजे चाकांवरचं घरच. जुंपलेले दोन बैल, वर चटईचं छत, आत गादी, कंदील, पिठाचा डबा अन् पाय पसरून मी. सुगी आटोपली की संग्रामपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका तळ्यावर माय, बाबा अन् मी दोन दिवस मुक्कामाला जायचो. सगळीकडे सागाची झाडी, बैल चरायला सोडलेले अन् झोपायचं दमणीतच. मला तर घरी परत जायचं नावच नको वाटे.

दुसऱ्या दिवशी रोडगे. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, आणि तेही पुरुषांनीच. बायांनी गोवरीला हातसुद्धा लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे वर्षभर चुलीपाशी बसणाऱ्या मायला त्या दिवशी काही कामच नसे. मी दहा वर्षांची होते त्या वर्षी ती मला घेऊन काठावर बसली आणि पाण्याकडे पाहतच राहिली.

"पूर्णेकाठची हावो मी," ती म्हणाली. "लग्नाआधी रोज पोहत होती. बारा वर्सं झाले, पाण्यात उतरली नाही."

"मंग उतर ना. काऊन बसली?"

"तुह्या बाबाचा राग मालूम नाही का तुले?"

मालूम होता. बाबांचा राग सदा नाकावर. घोट्याच्या वर पाण्यात कोणी गेलं तर याद राखा, असा सकाळीच दम भरला होता त्यांनी. पण मीही त्यांचीच लेक. म्हटलं, ते विस्तवापाशी हायेत, त्यांची पाठ इकडे हाये तोवर जा. मायनं कासोटा आवळला आणि गेली.

अशी पोहली की विचारू नका. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या पिटल्या, अन् तिथंच घात झाला. बाबा वळले, विस्तव सोडून धावत आले, ओरडायला तोंड उघडलं आणि तसेच उभे राहिले. माय पलीकडच्या दगडाला हात लावून सावकाश परत येत होती. मागे रोडगे करपल्याचा वास सुटला होता, पण मी कशाला बोलते? आता मायची खैर नाही, एवढंच मला दिसत होतं.

निथळत ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"तुले पोहता येते, अन् मले पत्ता नाही?"

"तुमी इचारलं कधी?"

बाबांनी धोतर गुडघ्यावर खोचलं. मग पाण्याकडे पाहत हळूच म्हणाले, "मले नाही येत. भेव लागते."

मायनं हात पुढे केला. "या. मी धरतो तुमाले."