नकाशावरचा ताप

चहा घ्या हातात, आणि हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. कारण सातवीत शाळा सोडलेल्या ह्या माणसाने, म्हणजे मी, एका दुपारी अख्खी चाळ कोंडून घातली होती!

आमचा दादा गेला, त्याला अजून वर्षही झालं नाही. साधा ताप म्हणता म्हणता गेला. त्याचा विषय निघाला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

संपात बाबांची गिरणी गेली, बाबा गावी गेले ते तिकडचेच झाले. आई खाणावळ चालवायला लागली, मी करी रोडला सायकलच्या दुकानात लागलो, आणि दादा शिकत राहिला. पुढे तो संशोधन करायला लागला. कशाचं? तर रोगराई आणि देशादेशांची सुरक्षा!

मी एकदा जेवताना विचारलं, "म्हणजे रे काय?"

"बाळ्या, आपल्या मजल्यावर कुणाला कावीळ झाली की ते घर लपवतं ना? का?"

"नळावर उभं करणार नाहीत म्हणून."

"देशपण तसेच. व्यापार बंद होईल म्हणून साथ लपवतात. मग ती शेजाऱ्याकडे शिरते आणि भांडणं लागतात. त्यावर लिहितो मी."

"ह्याचा पगार मिळतो?"

"मिळेल," म्हणाला, आणि माझ्या ताटातला बांगडा उचलला. असा होता दादा!

तर मध्यंतरी त्याचे सर घरी आले. म्हणाले, "त्याचं शेवटचं काम शनिवारी कॉलेजात मांडणार आहोत. तू त्याच्या खुर्चीत येऊन बस." आईने दादाचा शर्ट इस्त्री करून दिला. मी दादरला त्याच्या फोटोसाठी हार घ्यायला थांबलो, चांगलाच पाहिजे म्हणून चार दुकानं फिरलो, आणि पोचेपर्यंत सभा सुरू झालेली.

आत बघतो तर गोल टेबल. प्रत्येकापुढे एकेका देशाचा झेंडा, गोरे काय, काळे काय! आणि भिंतीवर नकाशा. कुठला? आमचाच हो! भोईवाडा, करी रोड, लालबाग, सगळीकडे लाल टाचण्या. एक तर बरोब्बर आमच्या गल्लीवर!

एक बाई गंभीर आवाजात वाचत होती. "फीवर... डेड... हॉस्पिटल फुल..." एका गोऱ्याने टेबलावर हात आपटला, "क्लोज द पोर्ट!" एवढं इंग्रजी मलाही कळतं.

आता तुम्हीच सांगा, घरातलं एक माणूस तापाने गेलेलं, आई त्या टाचणीखालच्या गल्लीत एकटी भात शिजवतेय. तुम्ही काय केलं असतं? मी हार त्या गोऱ्याच्या हातात कोंबला आणि ऑफिसातल्या फोनकडे धावलो. चाळीखालच्या दुकानात फोन लावला.

"पेडणेकर काका, साथ आलीय! तापाची! दारं लावा, पाणी उकळा, बाहेरून येईल त्याला आत घेऊ नका!"

"कोण बोलला तुला?"

"इथे अख्ख्या जगातले देश बसलेत! पोर्ट बंद केलं!"

"पोर्ट?" काका ओरडले. लगेच फोनमधून आवाज आला, ठण ठण ठण!

संपात पोलिसांची गाडी वळली की आमच्या बायका अशाच थाळ्या बडवायच्या. एका गॅलरीतून दुसरीत, गाडी पोचेपर्यंत माणसं गायब! सगळ्यात जोरात थाळी दादाची. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकून मला तिथेच रडू फुटलं.

मागून सर आले. "अरे, काय केलंस हे? हा सराव आहे! खोटी साथ धरून चालायचं आणि कुठला देश कसा वागतो ते बघायचं. तुझ्या दादानेच बांधलाय हा खेळ."

"आणि आमच्या गल्लीवरची टाचणी?"

"त्यानेच लावली. म्हणाला, तिथली माणसं मला पाठ आहेत."

मी हसलो की रडलो, मलाच माहीत नाही. परत फोन लावला तर कोण उचलणार? दारं लावायला मीच सांगितलेलं! निघालो पळत, भर उन्हातून. गल्लीत चिटपाखरू नाही. चाळीत प्रत्येक दार बंद.

"आई, दार उघड! सगळं खोटं होतं!"

आमची आई मालवणी, घाबरली की जास्तच. "खंयसून इलस?"

"सभेतून! गोऱ्यांमधून!"

"मगे थंयच बस! एक झील तापान गेलो माझो. दुसरो भायरच बरो."

"अगं, ताप नाहीये कुणाला! हात लावून बघ!"

गॅलरीची खिडकी किलकिली झाली. गजांमधून तिचा हात आला, माझ्या कपाळावर टेकला. मी डोळे मिटले.

आणि कसला पळत आलो होतो मी! अंगातून नुसत्या वाफा निघत होत्या.

"पेडणेकरानु!" आई सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशी किंचाळली. "गावली साथ! माझ्याच झिलाक झाली!"

देशोदेशीच्या त्या साथीचा एकुलता एक रोगी मी, संध्याकाळपर्यंत जिन्यात बसून होतो.