दादाचा कान

त्याला सगळे पान्या म्हणायचे. हे नाव थोरल्या भावाने ठेवलं होतं. शाळेत असताना धाकट्याच्या खिशात कायम एखादा पाना खुळखुळायचा, म्हणून. पोरवयात चिकटलेलं नाव केस पिकले तरी निघालं नाही.

दादा पेडल स्टील गिटार वाजवायचा. ही गिटार मांडीवर घेत नाहीत, ती टेबलासारखी पायांवर उभी असते. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, पायाने पेडल दाबायचं, गुडघ्यांनी दांड्या ढकलायच्या. पेडल दाबलं की खालच्या सळया तार ओढतात आणि सूर चढतो. सोडलं की स्प्रिंग तारेला जागेवर आणते. वरच्या अंगाला टाळ्या मिळतात. खालचं अंग पान्याकडे होतं. एरवी तो शिलाई मशिनं आणि पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, पण दादाचं बोलावणं आलं की हातातलं काम तसंच टाकून धावायचा.

कार्यक्रम रंगात आला की दादाचा एक ठरलेला विनोद असे. माईक ओढून म्हणायचा, "सूर लागला तर माझा, खडखडला तर माझ्या भावाचा! ऊठ रे पान्या, लोकांना थोबाड दाखव." पान्या उठायचा, हसायचा. लोक खो खो हसायचे. पान्याची बायको एकदाच आली होती ऐकायला. परतताना म्हणाली, "ते हसतात ते समजलं. तुम्ही कशाला हसता?"

विनोदापुरतं असतं तर त्याने गिळलं असतं. पण पान्याच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हाही दादाची जीभ सुटली. "आमच्या घराण्यात कलाकार एकच," दादा पाहुण्यांना म्हणाला, "हा आमचा हमाल. पोरगी बापावर गेलीय, कष्टाला कमी पडायची नाही." वहिनी खाली मान घालून बसली होती. पाहुण्यांनी चहा संपवला आणि नंतर नकार कळवला. मुलगी बरेच दिवस बापाशी धड बोलली नाही. काकाशी मात्र बोलत राहिली, कारण काका मोठा माणूस.

पुढे दादाची तक्रार सुरू झाली, की गिटार सुरात राहत नाही. पान्याने ती उलटी करून उघडली, तर तक्रार खरी निघाली. तारा ज्या छोट्या धातूच्या बोटांवरून वळतात त्यांना चरे पडले होते. ती बोटं ज्या आसावर फिरतात तो एका बाजूने झिजला होता, आणि सळयांच्या टोकांच्या पिना दात हलावेत तशा हलत होत्या. त्याने लेथवर नवा आस कातला, पिना बदलल्या, बोटं घासून आरशासारखी केली. पेडल लोण्यासारखं खाली जाऊ लागलं.

दादाने वाजवून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "बेसूर."

पान्याने पुन्हा उघडलं, स्प्रिंगा बदलल्या. पुन्हा बेसूर. तिसऱ्या खेपेला दादाने समोरची जुनी पिन उचलून त्याच्या अंगावर भिरकावली. "शिलाई मशीन समजलास काय रे?"

पान्याने सूर मोजायचं यंत्र लावलं. प्रत्येक तारेला काटा मधोमध. पेडल दाबलं, सोडलं, काटा परत जागेवर. मग तो दादाचा हात बघत बसला. सुराची जागा दाखवणारी रेघ तारांखाली आखलेली असते, कांडी त्या रेघेवर यायच्या आधीच थांबत होती. प्रत्येक वेळी, तेवढीच अलीकडे. चहा घेऊन आलेली वहिनी म्हणाली, "हल्ली ह्यांना दाराची घंटीसुद्धा वेगळी ऐकू येते म्हणे. टीव्ही किती मोठा लावतात!"

पान्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सांगायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात दादा म्हणाला, "बाबा म्हणायचे तेच खरं. ह्याला भांडी घासायला ठेवायला हवं होतं."

पान्याने तोंड मिटलं. "घेऊन जातो दादा. नीट बघतो."

गिटार त्याने घरी नेली आणि एका स्क्रूलाही हात लावला नाही. धूळ पुसली, परत आणून ठेवली. दादाने वाजवलं आणि खूश झाला. "बघ! शिव्या घातल्याशिवाय तुझ्या हातून काम होत नाही."

दादाचा सत्कार ठरला होता. नेहमी स्टेजमागे उभा राहणारा पान्या त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत बसला. दादाने सुरुवात केली. आधी लोकांना वाटलं, काही नवीन ढंग असेल. मग कीबोर्डवाला गोंधळून थांबला. गायिकेने मागे वळून पाहिलं. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. दादाने हात उचलला आणि माईक ओढला. "मंडळी, हे आमच्या बंधूंचं काम! ऊठ रे पान्या!"

पान्या उठला. ह्या वेळी तो हसला नाही. स्टेजवर गेला, यंत्र गिटारीला अडकवलं, कीबोर्डवाल्याला सूर धरायला सांगितला आणि एकेक तार छेडली. काटा मधोमधून ढळला नाही. मग त्याने माईक हातात घेतला. "गिटार सुरात आहे दादा. तुझा कान गेलाय."

दादा पुढे वाकला. "काय म्हणालास?"

सभागृहात हशा उसळला.

डॉक्टरांनी तपासलं. आधी आणलं असतं तर काही वाचलं असतं का, ह्यावर ते 'कदाचित' एवढंच म्हणाले. तो शब्द घेऊन वहिनी वर्कशॉपवर आली.

"भाऊजी, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पिन फेकली त्या दिवसापासून."

"मला तरी सांगायचंत."

"पाहुण्यांसमोर दादा बोलला, तेव्हा तुम्ही तिथेच होतात वहिनी."

"होते. आणि घरी गेल्यावर ह्यांच्याशी भांडले, तर थोबाडीत खाल्ली. ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही, एवढंच." ती दारातून परत फिरली आणि पुन्हा कधी आली नाही.

दादा अजूनही वाजवतो, घरात, दार लावून. शेजारी खिडक्या ओढून घेतात. भावाने जळफळाटाने वाद्य बिघडवून ठेवलं, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, आणि येणारेजाणारे मान डोलावतात. पान्याकडे इतर वादकही वाद्यं आणायचे, ते थांबले. सख्ख्या भावाला भर स्टेजवर नागडं करणाऱ्याच्या हाती वाद्य द्यायला कुणाचं मन धजेना. पुढे लग्न होऊन गेलेली मुलगी तर माहेरी यायचीच बंद झाली.

एकदा जेवताना बायकोने विचारलं, "एवढं केलंत. समाधान तरी झालं का?"

"झालं होतं की," पान्या म्हणाला. "घरी पोचेपर्यंत टिकलं."