यान्बू ते जेद्दा, डाव्या सीटवरून

“सौदीला? आणि तेही फिरायला?” असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच उत्तर दिलं. फिरायला नाही, गाडी चालवायला.

गाडी म्हणजे आमची जुनी कॅमेरो. ऐंशीच्या दशकातली, काळी, दोन दारांची, आठ सिलिंडरची, पाच गिअरची. नाक एवढं लांब की वळताना ते आधी वळायचं आणि आपण मागाहून. सुरू केली की अख्ख्या कॅम्पला, म्हणजे आम्हा परदेशी नोकरदारांच्या वसाहतीला, कळायचं. तेव्हा माझा नवरा सुधीर यान्बूच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता आणि मी तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. करार संपवून घरी निघालेल्या एका अमेरिकन माणसाकडून आम्ही ती घेतली.

आता गंमत ऐका. आम्हा दोघांत गाडी येत होती फक्त मला. वडिलांच्या फियाटवर शिकले होते, कॉलेजात असतानाच लायसन्स काढलं होतं. सुधीरची मजल सायकलपर्यंत. पण त्या देशात तेव्हा बाईने गाडी चालवायची नाही, असा नियम. मग कॅम्पमागच्या मोकळ्या माळावर, तिथे स्टिअरिंग डावीकडे असतं म्हणून उजव्या सीटवर बसून, मी त्याला शिकवलं. तो शिकला, आणि पुढची सगळी वर्षं त्याने चालवली. मी शेजारी बसून समोर बघत राहिले, उगाच क्लच दाबल्यासारखा पाय दाबत. स्वयंपाक आपण करायचा आणि ताटावर दुसऱ्याने बसायचं, तसा प्रकार.

भारतात परतलो तेव्हा गाडी हमीदभाईंना दिली. ते रत्नागिरीकडचे, यान्बूत मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात मॅनेजर. दुकानच तसलं असल्यामुळे गाडी त्यांनी जिवंत ठेवली. दर ईदला फोन व्हायचा आणि त्यात गाडीची तब्येत आधी सांगितली जायची, बायकापोरांची नंतर.

यंदाचा फोन ईदचा नव्हता. “वहिनी, खलास,” म्हणाले. “आमच्या कामावर आता सौदी माणूस. कायदाच तसा आलाय. मालक रडला, पण करतो काय? मी कायमचा घरी चाललो. गाडीला गिऱ्हाईक आलंय.”

मी चिडले. ज्या माणसाने तिथल्या निम्म्या गाड्या चालत्या ठेवल्या, त्याला असं घालवायचं! चिडून झाल्यावर दुसरी गोष्ट डोक्यात आली. आता तिथे बायका गाडी चालवतात. “मी येईपर्यंत गाडी हलवायची नाही,” असं बजावून मी फोन ठेवला.

सुधीर म्हणाला, “आणि तुझे गुडघे?”

“माझ्या गुडघ्यांना जिना चालत नाही. क्लच चालतो.”

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: पर्यटक व्हिसा ऑनलाइन मिळतो, वैद्यकीय विमा त्यातच येतो, खर्च दहा हजार रुपयांच्या वर धरा. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या आणि आपलं मूळ लायसन्सही सोबत ठेवा. वरून घालायचा काळा पायघोळ अबाया आता सक्तीचा नाही. मी सैल कुर्ता, सलवार आणि ओढणी एवढ्यावर सगळीकडे हिंडले, कोणी वळून पाहिलं नाही. या वयात कोण पाहतंय म्हणा.

मुंबईहून विमानाने जेद्दा. विमानतळावर पासपोर्ट तपासायला एक सौदी मुलगी बसली होती. बुरख्यातून फक्त डोळे दिसत होते, आणि ते हसले. हमीदभाईंमुळे मी कामावरच्या प्रत्येक सौदी माणसावर चिडायचं ठरवून आले होते, ते जमेना. तिथून यान्बूला बस जाते, चार-पाच तास, तिकीट शंभर रियालच्या आतबाहेर. खिडकीची सीट मागून घ्या, पण पडदे उघडे ठेवायचं धैर्य हवं. बाकीच्या सगळ्यांना झोपायचं असतं.

यान्बूत हमीदभाई स्टँडवर आले होते ते टॅक्सीने. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. मोतीबिंदूचं ऑपरेशन इथला विमा संपायच्या आत उरकून घेतलं होतं. हे अगदी आपल्या माणसाचं गणित.

“गाडी कुठाय?” मी विचारलं.

“आधी जेवा, वहिनी.”

त्यांची बायको पुढे गावी गेली होती, म्हणून स्वयंपाक त्यांनीच केला होता. तांदळाची भाकरी, नारळाच्या रसातली कोळंबी, वर फिरनी. जेवण झालं. गाडी? “आता आराम करा.” संध्याकाळी चहाबरोबर खजूर आणि भजी. गाडी? “घ्या ना, गरम आहेत.” दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरून गरम तमीस, म्हणजे इथली तंदूरची भलीमोठी रोटी, आणि फूल नावाच्या इथल्या कडधान्याची घट्ट घोटलेली उसळ. दोघांना पोटभर, दहा रियालच्या आत. दुपारी तळलेला मासा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या घरची रीत मला माहीत होती: पाहुण्याचं पोट भरल्याशिवाय वाईट बातमी सांगायची नाही. आणि हे मला भरवायचं थांबतच नव्हते.

मी हात आखडला. “हमीदभाई, पोट भरलंय. बोला.”

त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. “गाडी आपली राहिली नाही, वहिनी. नावावर गाडी असली तर कायमचं जायचा शिक्का देत नाहीत. मागल्या आठवड्यात त्या पोराच्या नावावर करून टाकली. उद्या तो न्यायला येतोय.”

“आणि हे तुम्ही मला फोनवर सांगितलं नाहीत!”

“सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता.”

“नसतेच आले!”

“मग? मला कोण भेटलं असतं?”

 मी उठून ताटं धुतली, जरा जास्तच आवाज करत.

गाडी दाखवली त्यांनी, ताडपत्री काढून. काळा रंग तसाच. आतल्या सीटवर प्लास्टिकचं आवरण, कोकणातल्या नव्या सोफ्यावर असतं तसं. डॅशबोर्डवर मखमली झालर. बसायचा मोह झाला, पण परक्याच्या गाडीत बसायचं नाही, एवढं कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर लोकांनी शिकवलंय. मी बॉनेटवर हात ठेवून उभी राहिले. उन्हाने तापलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक आलं. फैसल. जेद्दाचा, पंचविशीच्या आतला, अंगात पांढराशुभ्र पायघोळ थोब, पायात महागडे बूट. चुलतभावाने त्याला दारात सोडलं आणि तो निघूनही गेला. आजोबांच्या एका फोटोत अशी गाडी होती, म्हणून याला हवी होती. ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांबद्दल तो असं बोलत होता जसं काही तेव्हा तो होता. मी म्हटलं, बाळा, तेव्हा एसी लावला की ती चढावर रडायची, ते कुठे लिहिलेलं नसतं.

मी सरळ विचारलं, फक्त वळसा घालून आणू का, इथल्या इथे? त्याने छातीवर हात ठेवला. “माफ करा, खाला. विमा माझा आहे, गाडी म्हातारी आहे. नको.” अतिशय सभ्य नकार. सभ्य नकाराने मला जास्त राग येतो, कारण भांडता येत नाही.

मग तो बसला, किल्ली फिरवली, आणि खाली पायांकडे बघत राहिला.

“हे तीन पेडल कशाला आहेत?” त्याने विचारलं.

हमीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. या देशात आता सगळ्या गाड्या ऑटोमॅटिक, गिअर-क्लचची कोणी घेत नाही, आणि हमीदभाईंच्या मनात गाडी म्हटली की गिअर आलाच. याने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. फैसलने धीर करून प्रयत्न केला. गाडीने एक उडी मारली आणि गप्प झाली. दुसरी उडी भिंतीच्या दिशेने होती.

“हमीदभाई, तुम्ही चालवा,” तो घाम पुसत म्हणाला.

हमीदभाईंनी पट्टीकडे बोट दाखवलं. “डॉक्टर म्हणाला, महिनाभर नाही.” आणि मग, अगदी साध्या चेहऱ्याने: “या आमच्या वहिनी. यांनी या गाडीवर माणूस तयार केलाय.”

फैसलने माझ्याकडे पाहिलं. मी पर्समधून दोन्ही परवाने काढले. त्याने फोनवर विमा कंपनीशी बोलून माझं नाव घालून घेतलं, त्यात बराच वेळ गेला. मग दार उघडून धरलं. डाव्या बाजूचं.

हमीदभाईंचं विमान त्याच रात्री जेद्दाहून होतं. त्यांची मोठी खोकी कार्गोने गेली होती. हातात एक बॅग. तेही आमच्याबरोबरच निघाले आणि मागे बसले. कॅमेरोची मागची सीट माणसांसाठी केलेलीच नाही. गुडघे छातीशी घेऊन म्हणाले, “इतकी वर्षं बायकांना मागं बसवलं, त्याचा हिसाब आज होतोय.”

“गप्प बसा, नाहीतर टपावर बसवीन.”

पहिला गिअर. क्लच उचलला, आणि ती निघाली. उडी नाही, धक्का नाही. 

यान्बू ते जेद्दा रस्ता तीन-साडेतीनशे किलोमीटर, रुंद आणि सरळ. वेगाचे कॅमेरे जागोजाग आहेत, मर्यादा पाळा. दंड थेट फोनवर येतो. वारा असला की वाळू रस्त्यावरून सापासारखी सरपटते. उंटांसाठी कुंपण आहे, तरी संध्याकाळनंतर जपून. पेट्रोलपंप भरपूर, प्रत्येकाला लागून मशीद, किराणा आणि कडक दुधाचा चहा, दोन रियाल.

चौथ्या गिअरमध्ये तिचा आवाज खाली बसला, घशातल्या घशात गुरगुरल्यासारखा. हा आवाज मी उजवीकडून वर्षानुवर्षं ऐकला होता. डावीकडे तो पायाच्या तळव्यातून येतो. हे मला ठाऊक नव्हतं.

“खाला, तुम्ही खूप शांत चालवता,” फैसल म्हणाला.

“शांत नाही. मी रागात आहे.”

“माझ्यावर?”

“तुमच्या कायद्यावर. मागे बसलाय त्या माणसाचं काम काढून घेतलंत.”

 तो म्हणाला, त्याचंही शिक्षण झाल्यावर दोन वर्षं घरीच गेली होती. सगळी दुकानं परदेशी माणसं चालवायची, याला कोणी उभं करेना. आता मोबाइलच्या दुकानात लागलाय. पहिल्या पगारापासून गाडीसाठी पैसे बाजूला काढत होता.

मागून हमीदभाई म्हणाले, “पोराला बोलू नका, वहिनी. माझा मुलगा मुंबईत असाच बसून होता. तेव्हा मीही म्हणायचो, आपल्या पोरांना आधी द्या.”

माझा राग गेला नाही. फक्त त्याला बसायला जागा मिळेना.

वाटेत राबिग गावाला चहा घेतला. पुढे थुवाल गावाच्या अलीकडे फैसलने हळूच विचारलं, आता जरा मी घेऊ का? रस्ता मोकळा आहे. खरं म्हणजे गाडी त्याची होती.

“नाही,” मी म्हटलं. “जेद्दापर्यंत माझी.”

तो हसला आणि खिडकीबाहेर बघू लागला. समुद्र त्याच्या बाजूला होता.

जेद्दाच्या उत्तरेला किनाऱ्याजवळच्या एका रिकाम्या पार्किंगमध्ये मी थांबले, उतरले आणि वळसा घालून उजव्या सीटवर बसले. त्याला घरी तरी नेता आली पाहिजे ना. क्लच सोड, हळू, हळू म्हटलं ना! तासाभरात जमलं. हमीदभाई बाहेर कठड्यावर बसून एका डोळ्याने बघत होते. विमानतळावर उतरताना त्यांनी टपावर दोनदा थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी, आणि मागे न बघता आत गेले. मी दोन दिवस जेद्दात राहून बलद या जुन्या शहरभागातल्या गल्ल्या पुन्हा पाहिल्या. तुम्हीही पाहा, लाकडी जाळीच्या खिडक्या आता छान दुरुस्त केल्या आहेत.

पुण्याला परतल्यावर सुधीरने चहा केला आणि विचारलं, “मग? कशी वाटली गाडी?”

मी खरं सांगितलं. स्टिअरिंग जड. ब्रेक लागतात, पण त्यांच्या सवडीने. तिसरा गिअर कुरकुरतो. आपल्या शेजारणीची छोटी कोरियन गाडी तिला सिग्नलला सहज मागे टाकेल.

“म्हणजे मजा नाही आली?”

“एवढी मजा आली,” मी म्हटलं, “की तेव्हापासून मी दुप्पट चिडले आहे. आधी वाटायचं काहीतरी मोठं हुकलं. मोठं काही नव्हतंच. एक पाय उचलायचा, एक दाबायचा, आणि रस्ता आपल्या हाताने पुढे न्यायचा. एवढंसंच होतं, सुधीर, आणि तेवढंही दिलं नाही.”

त्याने बराच वेळ कपात चमचा फिरवला. साखर तो घेतच नाही.

“मी कधी तुला विचारलंसुद्धा नाही,” तो म्हणाला. “शेजारी बसून कसं वाटतं ते.”

“आता विचार,” मी म्हटलं. आणि मग, पहिल्यापासून, सगळं सांगितलं.